माकडतापाच्या संशोधनाचा पैसा कोणाकडे जावा : प्रयोगशाळेकडे, जंगलाकडे की वितरणाकडे?

तळकोकणी (चर्चाप्रस्ताव)

क्यासनूर जंगल रोग, म्हणजे आपल्याकडे सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा पट्ट्यात ज्याला माकडताप म्हणतात तो गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार, १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू शोधण्याचे काम पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले. पुढे अनेक दशके तो त्याच परिसरात राहिला; मात्र गेल्या दशकात तो वायनाडला दिसला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ मध्ये दोडामार्गातील केर गावात पोहोचला. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले खरे, परंतु त्याचा मुख्य रोख जनुकीय आजारांवर असल्याने जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांचा हा दुर्मीळ आजार त्यात बसत नाही.

माझे म्हणणे असे आहे की या आजारासाठी जो काही संशोधन निधी मिळतो, त्यातील मोठा वाटा यापुढे वितरण आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासाला द्यावा. कारण साधे आहे. जी लस होती तिचे दोन डोस एका महिन्याच्या अंतराने, बूस्टर सहा ते नऊ महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी एक डोस असे वेळापत्रक होते. आजाराचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. याचा अर्थ पहिला डोस ऑगस्ट-सप्टेंबरात द्यायला हवा, जेव्हा लोक भातशेतीत गुंतलेले असतात आणि तापाची आठवणही कोणाला नसते. त्यातच आजार आढळला की त्या गावाच्या आसपास लसीकरण सुरू करायचे, ही पद्धत होती. म्हणजे मागणी तापानंतर निर्माण होणार आणि संरक्षण मात्र तापाच्या आधी दोन-तीन महिने हवे. मागणी अनिश्चित आणि माल नाशवंत असेल तर किती साठा आधी करून ठेवावा, हा व्यवस्थापनशास्त्रातला जुना आणि चांगला अभ्यासलेला प्रश्न आहे; तो आपण माकडतापाला कधी लावून पाहिला नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रस्तावाशी मी सहमत नाही, आणि असहमतीचे कारण आकड्यांत आहे. फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेल्या त्या लशीची परिणामकारकता १९९० च्या दशकारंभीच्या चाचणीत दोन डोसनंतर ९३.५ टक्के नोंदवली गेली होती. २००५ ते २०१० या काळातील कर्नाटकातील माहितीचे विश्लेषण झाले तेव्हा तीच दोन डोसनंतर ६२.४ टक्के आणि बूस्टर घेतल्यावर ८२.९ टक्के निघाली. अखेरीस परिणामकारकता अपुरी ठरल्यामुळे ती वापरातूनच काढावी लागली. आपण सुचवता तशी निर्दोष वितरणव्यवस्था असती, तर एक कमकुवत लस अधिक वेळेवर अधिक दंडांत टोचली गेली असती, याहून वेगळे काय झाले असते?

या आजारावर खास औषध नाही. रक्तस्राव, पाण्याचे प्रमाण, रक्तदाब सांभाळायचा, इतकाच उपचार. काही रुग्णांना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि मग दुसऱ्या टप्प्यात मेंदूशी निगडित लक्षणे दिसू लागतात; ती का आणि कोणाला, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. मृत्यूचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के धरले जाते. हा विषाणू हाताळायला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि तशा प्रयोगशाळा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. अशा वेळी प्रयोगशाळेचा निधी कापून तो गोदामाच्या गणितांना द्यायचा, हे मला अनाकलनीय वाटते.

हिशोबनीस

सूक्ष्मदर्शी यांनी दिलेले दोन आकडेच त्यांच्या विरोधात जातात, हे नम्रपणे दाखवून देतो. ६२ आणि ८३ यांमधले अंतर विषाणूने पाडलेले नाही. ते बूस्टर घेणारे आणि न घेणारे यांतले अंतर आहे. सुई दुखते म्हणून लोक दुसऱ्यांदा येत नाहीत, ही तक्रार या लशीबाबत नोंदली गेली आहे. ज्या दिवशी पथक गावात येते त्या दिवशी माणूस मजुरीला गेलेला असतो, हे कोणत्याही लसीकरणात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते. दर माणसी डोस किती पूर्ण झाले याचा पाठपुरावा हा कारकुनी विषय नाही, तो संशोधनाचा विषय आहे.

रानवाटा

दोन्ही बाजू लस धरून बसल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा आजार माकडाचा नाही आणि माणसाचाही नाही; तो गोचिडीचा आहे, आणि गोचीड जंगलाच्या पाचोळ्यात जगते. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीचे प्रौढ गोचीड पावसाळ्यात मुख्यतः गुरांच्या अंगावर रक्त पितात, माद्या गळून पडतात आणि पाचोळ्यात अंडी घालतात. पावसाळा संपल्यावर त्यांतून निघालेल्या अळ्या उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांवर जगतात, आणि कोरड्या महिन्यांत त्यांची पुढची पिल्लू-अवस्था जमिनीलगत वाट पाहत बसते. हीच अवस्था माकडांना आणि माणसांना चावते. ती इतकी बारीक असते की अंगावर चढली तरी कळत नाही. वानर किंवा तांबड्या तोंडाचे माकड या तापाने मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड एकाच ठिकाणी गळतात आणि तेवढा परिसर घातक बनतो. म्हणून मेलेले माकड दिसले की कळवा, असे सांगितले जाते. गुरांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडीची संख्या मात्र त्यांच्यामुळे वाढते.

हे सगळे कळले ते जंगलात वर्षानुवर्षे जमिनीवरून चादरी ओढून त्यांना चिकटलेले गोचीड मोजणाऱ्यांमुळे. या आजाराचे अभ्यासक जॉर्ज बोशेल यांनी १९६९ मध्येच मांडले होते की जंगल तोडून त्यात शेती आणि चराई शिरली, की जंगल आणि वस्ती यांच्यातली जी नवी कड तयार होते तिथे हा आजार उफाळतो. त्यानंतर जवळपास अर्धशतकाने भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने, आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या तिन्ही विभागांच्या लोकांना सोबत घेऊन, पश्चिम घाटातील धोक्याचा नकाशा तयार केला. सदाहरित जंगल आणि बागायती यांची सरमिसळ आहे आणि देशी गुरांची संख्या मोठी आहे, अशा ठिकाणी धोका अधिक, असे त्यातून दिसले. दोडामार्गाचे वर्णन याहून वेगळे कसे करणार? तिथे गेल्या काही दशकांत डोंगरउतारांवर काजू आणि रबर चढले आहेत.

आणि उपयोग दिसत नाही म्हणून संशोधन टाळणाऱ्यांसाठी एक आडवळण. हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता असल्याने तो स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला असावा, अशी शंका तेव्हा घेतली गेली. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. पक्ष्यांवरचा आरोप टिकला नाही, पण भारतातील पक्षी-स्थलांतराचे आपले बरेचसे ज्ञान त्या तापाच्या पैशातून आले.

साठा किती करायचा हे ठरवण्याआधी तो कोठे करायचा हे कळायला हवे, आणि कोठे हे फक्त जंगल सांगते.

बागायतदार

मी काजू करतो. या चर्चेत शेतकरी दोन वेळा आला, एकदा मजुरीला गेलेला म्हणून आणि एकदा जंगलाची कड म्हणून.

गोचीड प्रतिबंधक म्हणून आम्हाला डीएमपी तेल दिले जाते. मार्च महिन्यात सकाळी सातला बागेत शिरताना ते हातापायांना चोपडायचे, वर पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा आणि बोंडे वेचायला वाकायचे. दहा वाजेपर्यंत घामाने तेल निघून गेलेले असते. पुन्हा लावावे तर तोच हात बोंडाला, तोच बीला, तोच कपाळाला. बायका डोक्यावर पातेऱ्याची भारी घेऊन येतात तेव्हा पाचोळा थेट मानेवर येतो, आणि मानेला तेल कोणी लावत नाही. हा पातेरा गोठ्यात गुरांखाली जातो. रानवाटा यांनी सांगितलेले चक्र आमच्या गोठ्यातच पूर्ण होते की नाही, हे कोणी येऊन तपासले तर मी आनंदाने गोठा दाखवीन.

तेल किती तास टिकते याची चाचणी वातानुकूलित खोलीतल्या स्वयंसेवकाच्या हातावर करून चालणार नाही. ती काजूच्या बागेत करा. याला वैद्यकीय संशोधन म्हणा, पर्यावरणाचे म्हणा की धंद्याचे. पैसा कोणत्या खात्यातून येतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. मात्र गुरे कमी करा, असा सल्ला घेऊन कोणी येऊ नये. शेणखत बंद झाले तर बाग उभी राहणार नाही.

सूक्ष्मदर्शी

हिशोबनीस यांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. ज्यांनी दोन डोस पूर्ण केले त्यांच्यातही संरक्षण ६२ टक्केच होते, आणि वेळेवर दोन्ही डोस घेऊनही तिघांतल्या एकाहून अधिक जणांना लस पुरली नसेल, तर दोष पाठपुराव्याचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही लस बनवणारी कंपनी यांनी नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. मला त्याच्याशी कोणतीही स्पर्धा नको आहे. दुसरा पर्याय नसताना एकुलत्या एका प्रयत्नाचा निधी विभागला जाऊ नये, इतकेच.

बागायतदार यांनी मांडलेली तेलाची चाचणी मात्र निर्विवाद व्हायला हवी, आणि ती स्वस्तही आहे. कर्नाटकात आता डेपा नावाचे तेल दिले जाते. दोन्ही तेले घामाच्या कसोटीवर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.

तळकोकणी

एकुलता एक प्रयत्न, असे सूक्ष्मदर्शी म्हणतात, तिथेच माझा प्रश्न सुरू होतो. नवी लस उद्या मंजूर झाली तर ती विकत कोण घेणार? या आजाराचे रुग्ण वर्षाला साधारणतः काहीशे असतात आणि तेही पाच राज्यांच्या डोंगराळ तालुक्यांत विखुरलेले. एखादे वर्ष कोरडे जाते, एखाद्या वर्षी २०१९ च्या सागर तालुक्यासारखा उद्रेक होतो. कोणताही उत्पादक अशा मागणीवर उत्पादनवाहिनी चालू ठेवणार नाही, आणि राज्य सरकार उद्रेक संपला की खरेदीचा प्रस्ताव पुढच्या वर्षीवर ढकलणार. कर्नाटक, केरळ, गोवा, तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांनी मिळून पाच वर्षांच्या खरेदीची आगाऊ हमी द्यावी का, डोसची संख्या कशी ठरवावी, न वापरलेल्या मालाचा तोटा कोणी सोसावा, याचा अभ्यास लस तयार होण्याआधी व्हायला हवा. माझी निधीची मागणी त्यासाठी आहे, आणि प्रयोगशाळेच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

रानवाटा

आगाऊ हमीला माझा विरोध नाही, परंतु तो करार तालुक्यांच्या यादीवर आधारला तर तो पहिल्याच वर्षी चुकेल. रुग्ण सापडलेल्या गावाभोवती वर्तुळ काढून लस द्यायची पद्धत आजाराच्या मागे धावते. केर गावाआधी सिंधुदुर्ग कोणत्याच यादीत नव्हता. धोक्याच्या नकाशावरून गावे निवडली तर रुग्ण नसलेल्या गावातही सुई टोचावी लागेल, आणि तिथल्या ग्रामसभेला ताप नसताना लस का, हे पटवून द्यावे लागेल. हिशोबनीस, याचे वेळापत्रक मांडायला आपण तयार असाल तर गोचिडीच्या हंगामाची माहिती मी पुरवतो. ऑक्टोबरातील अळ्यांच्या मोजणीवरून जानेवारीचा अंदाज बांधता येतो का, हे आपल्याला पहिल्यांदा पाहावे लागेल.

हिशोबनीस

तयार आहे. मात्र मोजणीचा आकडा नोव्हेंबरात हाती आला तर दोन डोसना वेळ उरत नाही, त्यामुळे त्या अंदाजावर लस नव्हे, तेल आणि मनुष्यबळ हलवता येईल. लशीचा निर्णय आधीच्या हंगामातील माकडांच्या मृत्यूंवर घ्यावा लागेल, आणि त्या नोंदी वन विभागाकडे असतात, आरोग्य विभागाकडे नव्हे.