आई मराठी, वहिनी कन्नड. रविवारी कुठला सिनेमा लावू?

खानापूरकर
मंडळी, आमची आई नंदगडची, वय ६८. कन्नड येतं ते बाजारात भाव करण्यापुरतं. वहिनी गोकाकची, लग्नाला आठ महिने झाले, मराठी अजून अडखळतंय. रविवारी जेवणं झाली की दोघी टीव्हीपुढं बसतात. मराठी लावलं की वहिनी थोड्या वेळानं भांड्यांकडं उठते, कन्नड लावलं की आईला डुलकी लागते. भांडण अजिबात नाही, पण माझा जीव चुटपुटतो. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सिनेमे बघण्यात माझं सगळं लहानपण गेलंय. ते सुख वहिनीलाही मिळावं असं फार वाटतं. दोघी शेवटपर्यंत बसतील असं काहीतरी सुचवा. हाणामारीचे नकोत.

शहापूरची लेक
'उंबरठा' (१९८२). स्मिता पाटीलचा नवरा झालेत गिरीश कार्नाड, म्हणजे वहिनींना एक तरी चेहरा ओळखीचा. घर, नवरा, लहान मुलगी मागं ठेवून सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीला जाते. लग्नाआधी पाहिला तेव्हा मला तिचं पटलं नव्हतं. मुलगी झाल्यावर परत पाहिला आणि रात्रभर डोळा लागला नाही. सासू-सुनेनं एकत्रच बघावा.

कॅम्पातला
'सैराट' (२०१६) आणि त्याचाच कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' (२०१७). दोन्हीत रिंकू राजगुरूच आहे. एका रविवारी हा, पुढच्या रविवारी तो!

निपाणीचे काका
बाळा, घरात नवं लग्न झालंय, 'सैराट'चा शेवट इतक्यात नको.
माझं ऐक, 'भक्त कुंबार' लाव. १९७४ चा कन्नड सिनेमा, पण गोष्ट आपल्या गोरोबाकाकांची, आणि गोरोबा झालेत डॉ. राजकुमार. मी शाळकरी पोर असताना चिकोडीकडच्या एका जत्रेत तंबूत पाहिला. मामा पंढरीचा वारकरी, कन्नड शब्द कळत नव्हता. तंबूच्या दारात त्यानं चपला काढल्या आणि तीन तास काखेत धरून बसला. गोरोबा भजनात रंगून चिखल तुडवतात आणि पायाखाली स्वतःचं लेकरू येतं, तिथं मामानं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता. पुढं किती सिनेमे पाहिले, पण राजकुमारांचा तो चेहरा मनातून गेलेला नाही.

खानापूरकर
काका, काल लावला. आई पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. पहिली दहा मिनिटं "काय म्हणायलाय गं तो?" असं वहिनीला विचारत होती, वहिनी जमेल तसं सांगत होती. मग विठ्ठलाचं नाव आलं, आईला गोष्ट सापडली आणि सगळं उलटंच झालं! गोरोबांनी शपथ का मोडली, हात का तोडून घेतले, हे पडद्यावर यायच्या आधीच आई सांगायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं बाजारातल्या कन्नडात. वहिनी तिचे कन्नड शब्द नीट करून देत होती आणि पुढं काय, पुढं काय विचारत होती. चिखलाच्या प्रसंगाला दोघींचे हात शेंगांच्या परातीत तसेच थांबले.
शेंगा रात्री मी सोलल्या. शहापूरच्या ताई, पुढच्या रविवारी 'उंबरठा'. कार्नाड आहेत म्हटल्यावर वहिनीनं आत्ताच आईला बजावलंय, त्या दिवशी दुपारी कुणाकडं हळदीकुंकवाला जायचं नाही.