शिल्पोद्यान पाहताना वेळ किती ठेवावा आणि शिल्पांना हात लावावा का?

नवागत (प्रश्न)

पुढील महिन्यात आईला आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी एका मोठ्या शिल्पोद्यानात जाणार आहे. संग्रहालयाच्या दालनात शिल्पे पाहण्याची आम्हाला सवय आहे. परंतु कित्येक एकरांत विखुरलेली शिल्पे कशी पाहावीत, याचा अंदाज येत नाही. नकाशावरील क्रमांकांप्रमाणे जावे की मनाला येईल तसे फिरावे? आईला फार चालवत नाही. शिवाय मुलगी दिसेल त्या वस्तूला हात लावते. वर्षानुवर्षे ऊनपाऊस सोसणाऱ्या दगडाधातूचे तिच्या हाताने काय बिघडणार, हे मलाच नीट ठाऊक नाही.

पायवाट

सगळी शिल्पे पाहण्याचा हट्ट सोडावा. न्यूयॉर्क राज्यातील स्टॉर्म किंग हे शिल्पोद्यान सुमारे ५०० एकरांचे आहे आणि तेथील अँडी गोल्ड्सवर्दी यांची झाडांमधून वळणे घेत जाणारी दगडी भिंतच २,२७८ फूट लांब आहे. अशा ठिकाणी क्रमांकांचा पाठलाग केला तर पाय दुखतात आणि लक्षात काहीच राहत नाही. सहा-सात शिल्पे निवडा, प्रत्येक आधी लांबून पाहा, मग त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारा. डोक्यावरच्या उन्हात पृष्ठभागाचे चढउतार सपाट वाटतात, म्हणून सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची वेळ बरी. आईसाठी बाके कोठे आहेत आणि आत वाहनाची सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

छिन्नी

हाताच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण ओतकामाशी माझा संबंध आहे. कांस्यशिल्पाचा जो तपकिरी किंवा हिरवट रंग आपण पाहतो, तो धातूवरचा रासायनिक प्रक्रियेने आलेला अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्या रक्षणासाठी बहुधा वरून मेण चढवलेले असते. घामातील क्षार आणि त्वचेचे तेल या थरांना हळूहळू खातात. एका हाताने काही होत नाही, पण एकाच जागी हजारो हात पडले की तेथे धातू उघडा पडून चकाकू लागतो. ओस्लोच्या उद्यानातील गुस्ताव्ह व्हिगेलँड यांच्या ‘रागावलेला मुलगा’ या कांस्यशिल्पाचा हात पाहुण्यांनी धरून धरून असाच सोनेरी झाला आहे. मुलीला असा चकाकणारा भाग दाखवा आणि तो एवढाच का चमकतो, हे तिलाच ओळखू द्या. नुसत्या दटावणीपेक्षा ते तिला लवकर पटेल.

गंजलेल्या दिसणाऱ्या कॉर्टेन नावाच्या पोलादावरचा गंज ही मात्र घाण नसून संरक्षक साल असते. तिला टेकल्यास कपड्यांवर डाग पडतात, हा धडा मी पांढऱ्या सदऱ्यावर शिकलो. रंगवलेल्या पोलादावरचा ओरखडा सर्वांत महागात पडतो, कारण ठिगळ दिसू नये म्हणून अनेकदा संपूर्ण भाग पुन्हा रंगवावा लागतो.

मेंढका

थोडा मतभेद नोंदवतो. हेन्री मूर यांचे १९७१-७२ मधील ‘शीप पीस’ मेंढ्यांच्या कुरणात उभे आहे आणि मेंढ्या त्याला खुशाल अंग घासतात. इसामू नोगुची यांचे स्टॉर्म किंगमधील ग्रॅनाइटचे ‘मोमो तारो’ तर माणसांनी आत शिरून बसावे असेच घडवलेले आहे. तेव्हा सरसकट बंदी मला पटत नाही.

छिन्नी

मान्य, पण ती मुभा कलाकाराने दिलेली आहे, पाहणाऱ्याने घेतलेली नाही. शेजारच्या फलकावर काय लिहिले आहे ते पाहावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर हात मागे ठेवावा.

नवागत

तिघांचेही आभार. दुपार कलल्यावर निघू आणि सहाच शिल्पे निवडू. पाऊस आला तर बेत रद्द करावा का?

पायवाट

विजा नसतील तर करू नका. ओल्या ग्रॅनाइटचा रंग गडद होतो आणि त्यातील कण उठून दिसतात. फक्त आईला ओल्या गवताच्या उतारावर नेऊ नका.