मदत हवी आहे: लॅक्टिक आम्लाचं आंबवण मध्येच थांबतंय (विरघळणाऱ्या स्क्रूचा प्रकल्प)

नमस्कार मंडळी,

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीतल्या एका मुलीच्या वडिलांचं गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आतला स्क्रू काढावा लागणार नाही, तो हळूहळू विरघळेल. ज्या आम्लापासून तो बनतो ते दह्यातही असतं. तेव्हापासून पोरीने माझी पाठ सोडलेली नाही. "बाई, आपण करून बघू या ना." म्हणून विज्ञान प्रदर्शनाला हाच विषय घेतलाय.

बरणीत १ लिटर दह्याची निवळी, १०० ग्रॅम ग्लुकोज आणि विरजण म्हणून दोन चमचे घरचं दही. ऊब राहावी म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ४० अंशांच्या आसपास ठेवलं. आम्ल साठलं की जिवाणू त्यातच ढेपाळतात आणि म्हणून कारखान्यात चुनखडी घालत राहतात, असं वाचलं होतं. त्यासाठी फळ्यावरच्या खडूची पूड घातली. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी पीएचची पट्टी ४ च्या खाली आणि मग सगळं ठप्प. चव आंबट, पण गोडी तशीच. खडूची पूड तळाशी जशीच्या तशी बसलेली.

तरीही गाळून आटवलं. मग मुलांना लांब ठेवून मी ते तेलाच्या भांड्यात बराच वेळ तापवलं. पारदर्शक पापुद्रा मिळेल अशी आशा होती. मिळाला काकवीसारखा तपकिरी गोळा. बोट लावलं की तार सुटते.

चुकतंय कुठे? आणि पोरीचा प्रश्न असा, की बाबांचे टाके दोन-अडीच महिन्यांत विरघळले, मग स्क्रूला काही वर्षं लागतील असं डॉक्टर का म्हणतात? मला नीट सांगता आलं नाही, ते फार लागलंय.

प्रतिसाद

ताई, आधी त्या खडूवर लिंबू पिळून बघा. फळ्याचे खडू आता बहुतेक जिप्समचे असतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते आम्ल मारत नाही. लागतं कॅल्शियम कार्बोनेट, तेही १०० ग्रॅम ग्लुकोजला ५५-६० ग्रॅम, थोडंथोडं करून. प्रयोगशाळेतलं नसेल तर अंड्यांची कवचं उकळून, वाळवून दळा. एका ग्लुकोजच्या रेणूचे लॅक्टिक आम्लाचे दोन होतात, वजनात घट जवळजवळ नाही. इतकं काटकसरीचं आंबवण दुसरं क्वचितच. नीट जमलं तर कॅल्शियम लॅक्टेट तयार होतं. बरणी गार झाली की ते साबुदाण्याच्या खिरीसारखं थिजतं, तेव्हा गरम असतानाच गाळा. कारखान्यात त्यावर गंधकाम्ल टाकून आम्ल मोकळं करतात आणि टनाला जवळपास टनभर जिप्सम उरतं. गंधकाम्लाची पायरी शाळेत नको.

तपकिरी रंग उरलेल्या साखरेचा. चिकटपणाची कारणं दोन. एक, आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून साखळी होताना पाणी सुटतं, पण नुसतं तापवून ते पुरतं निघत नाही आणि साखळ्या आखूड राहतात. म्हणून आधी दोन रेणूंचं कडं, लॅक्टाइड, करून शुद्ध करतात आणि कथिलाच्या संयुगाने ते कडं उघडून लांब साखळी ओवतात. दोन, लॅक्टिक आम्लाची दोन रूपं आहेत, डावा आणि उजवा हात असावेत तशी. घरच्या दह्यात जिवाणूंची सरमिसळ असते आणि दोन्ही रूपं मिळतात. मिसळ झाली की साखळ्या नीट रचल्या जात नाहीत. स्क्रूला मुख्यतः त्यातलं एक, एल नावाचं रूप हवं. त्यासाठी एकच निवडलेला जिवाणू लागतो. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, कॉलेजमार्फत विचारा.

आता मुलीचा प्रश्न. विरघळणाऱ्या टाक्यांचा एक प्रचलित धागा ९० भाग ग्लायकोलाइड (लॅक्टिकच्या धाकट्या भावंडाचं, ग्लायकोलिक आम्लाचं, तसंच कडं) आणि १० भाग लॅक्टाइडचा असतो. तो ५६ ते ७० दिवसांत शोषला जातो. ग्लायकोलिकपेक्षा लॅक्टिक आम्लाला एक जादा मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असतो, तो पाण्याला लांब ठेवतो. शिवाय शुद्ध एल साखळ्या घट्ट रचलेल्या. पाणी आत शिरून साखळी तोडणार, सुटलेलं आम्ल पेशी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेणार. पाणीच सावकाश शिरलं की वर्षं लागतात. लिगामेंट हाडात रुजेपर्यंत धरून ठेवणारं काहीतरी हवंच असतं. दोघांचं प्रमाण बदलून मुदत ठरवता येते. ५०:५० मिश्रण महिना-दोन महिन्यांत जातं. प्रोस्टेट कर्करोगावरचं महिन्यातून एकदा टोचायचं ल्युप्रोलाइड हे औषधही याच दोघांच्या मिश्रणाच्या बारीक गोळ्यांत भरलेलं असतं.

मुलीला हेही सांगा: लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांचं हे बहुवारिक (पॉलिमर) शस्त्रक्रियेत वापरता येईल हे दाखवणारा अमेरिकेतला १९६६ चा शोधनिबंध आहे, त्याच्या पहिल्या लेखकाचं आडनाव कुलकर्णी.

धागाकर्ती

लिंबू पिळलं. खडूवर एक बुडबुडा नाही, अंड्याच्या कवचावर लगेच फसफसलं. कुलकर्णींचं ऐकून पोरगी दोनदा "खरंच?" म्हणाली आणि संध्याकाळी भुर्जीच्या गाडीवरून पिशवीभर कवचं घेऊन आली. सोमवारी नवी बरणी लावतोय. कवचाची पूड किती बारीक हवी, मैद्यासारखी की रव्यासारखी चालेल?