ओहायोत पुरोगामी उमेदवार राज्यभर निवडून येईल का?

नमस्कार मंडळी,
२०२४ मध्ये ट्रम्प यांनी ओहायो ११ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. इथे पुरोगामी उमेदवार उभा करणं म्हणजे मतं वाया घालवणं. मवाळ, मधल्या वाटेचा माणूस द्यावा, असं मला मनापासून वाटतं.
– सुहास, डेटन

सुहास,
तसा माणूस दिला होता. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे टिम रायन सिनेटसाठी आपल्याच पक्षापासून चार हात लांब राहून लढले आणि रिपब्लिकन जे. डी. व्हान्स यांच्याकडून सहा टक्क्यांनी हरले.

आता रायन यांच्याच पक्षाचे शेरॉड ब्राऊन बघ. नाफ्ता या मुक्त व्यापार कराराला विरोध, इराक युद्धाला विरोध, आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या कायद्याविरुद्ध १९९६ मध्येच मत. एवढं सगळं नावावर असताना २००६, २०१२ आणि २०१८ असे तीनदा सिनेटवर निवडून आले. २०१८ ला तर जवळजवळ सात टक्क्यांनी!

हे कसं जमलं ते माझ्या शेजाऱ्यांकडे बघून कळतं. टीमस्टर्स युनियनमधले निवृत्त ट्रकचालक. २०१५ मध्ये त्यांच्या पेन्शन फंडाचं पत्र आलं, पेन्शनमध्ये मोठी कपात होणार म्हणून. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? ब्राऊन यांनी तो प्रश्न वर्षानुवर्षं सोडला नाही. शेवटी २०२१ च्या कोविड मदत कायद्यात तरतूद झाली आणि पुढच्याच वर्षी त्या फंडाला सुमारे ३६ अब्ज डॉलर मंजूर झाले. २०२४ मध्ये या शेजाऱ्यांच्या अंगणात ट्रम्प आणि ब्राऊन, दोघांच्या पाट्या होत्या.

मुद्द्यांचंही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गर्भपाताचा हक्क ओहायोच्या राज्यघटनेत आला, ५७ टक्के मतांनी. त्याआधी ऑगस्टमध्ये अशा बदलांसाठी ६० टक्क्यांची अट घालायचा प्रयत्न झाला, तो लोकांनीच हाणून पाडला. ही अट आली असती तर नोव्हेंबरचा निकाल उलटा लागला असता. याच मतदारांना आपण सरसकट सनातनी ठरवून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.
– वंदना, क्लीव्हलंड

वंदनाताई,
पेन्शनची हकिकत मला ठाऊक नव्हती. पण २०२४ मध्ये ब्राऊनही हरलेच ना? आणि ब्राऊन एकच आहेत. उद्या नवा चेहरा तेच बोलू लागला तर लोक का ऐकतील?
– सुहास

सुहास,
हरले, पण चार टक्क्यांहून कमी फरकाने, तेही वर ११ टक्क्यांची लाट असताना आणि क्रिप्टो चलनाच्या धंदेवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध सुमारे चार कोटी डॉलर ओतलेले असताना. व्हान्स यांनी उपराष्ट्राध्यक्ष होताना सोडलेल्या सिनेटच्या जागेसाठी २०२६ च्या निवडणुकीत ते पुन्हा उतरले आहेत.

नव्या चेहऱ्याबद्दल मात्र तुझं खरं आहे. नुसतं बोलून कोणी ऐकणार नाही. ब्राऊन १९७४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, राज्याच्या विधिमंडळात गेले आणि तिथून वर आले. आपण मात्र देणग्या देतो त्या फक्त वॉशिंग्टनच्या उमेदवारांना. तुझ्या डेटनमधून विधिमंडळाला कोण उभं आहे, ते काय म्हणतात, हे मंडळातल्या किती जणांना सांगता येईल? माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी. तुमच्याकडच्या उमेदवारांशी झूमवर गप्पांचा कार्यक्रम ठेवायचा का? बोलावण्याचं काम मी करते, तू डेटनच्या मंडळींना गोळा कर.
– वंदना