मदत हवी आहे : आईच्या हृदयाच्या झडपेसाठी ‘टावी’ करावी का?

माझ्या ८१ वर्षांच्या आईची महाधमनीची झडप कॅल्शियम साचून इतकी अरुंद झाली आहे की, चार पायऱ्या चढल्या तरी तिला कठडा धरून थांबावे लागते. पूर्वीची बायपास आणि अशक्त मूत्रपिंडे पाहता छाती उघडणे धोक्याचे असल्याने डॉक्टरांनी जांघेतील धमनीतून कॅथेटरने (बारीक नळीने) नवी झडप बसवण्याचा, म्हणजेच ‘टावी’चा, सल्ला दिला आहे. फ्रान्समध्ये २००२ साली प्रथम झालेली ही पद्धत आता चांगली रुळली आहे; माझी काळजी वेगळीच आहे. झडपेचे माप घेण्यासाठीच्या सीटी स्कॅनमधील कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते रंगद्रव्य) तिच्या मूत्रपिंडांना झेपेल का, आणि पुढे पेसमेकर लागलाच तर? ज्यांच्या घरी अशा अवस्थेत ‘टावी’ झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना आधी काय विचारले आणि भारतीय व परदेशी झडपेच्या खर्चात किती फरक पडला, हे कृपया सविस्तर कळवावे.