हाफनरचे पार्ट्स उसने आणले, फ्लूट-क्लॅरिनेट गायब!

व्हायोलाची_वही: लोकहो, जरा मदत करा. पुण्यात आमचा हौशी ग्रुप आहे, मोत्झार्टची ३५ वी म्हणजे हाफनर सिंफनी बसवतोय. पार्ट्स (प्रत्येक वाद्याचे सुटे स्वरलिपीचे कागद) ओळखीतल्या एका ग्रुपकडून उसने आणले, काल गठ्ठा सोडून बघितला तर फ्लूट आणि क्लॅरिनेटचे कागदच नाहीत. फोन केला तर म्हणे मोत्झार्टने मुळात ते लिहिलेच नव्हते. खरंय की थाप? आमच्या फ्लूटवाल्या दोघी रुसून बसल्यात.

जुना_स्कोअर: मुळात नव्हते हे खरंच आहे. १७८२ च्या उन्हाळ्यात साल्झबर्गच्या हाफनरला सरदारकी मिळाली, त्या समारंभासाठी वडिलांनी मोत्झार्टला पत्र टाकलं की संगीत लिहून पाठव, हा तिकडे व्हिएन्नात नवा ऑपेरा आणि स्वतःचं लग्न (४ ऑगस्ट) यांत बुडालेला, तरी एकेक मूव्हमेंट (सिंफनीचा एकेक भाग) टपालाने पाठवत राहिला. मग डिसेंबरात स्वतःच्या कॉन्सर्टसाठी तीच सिंफनी हवी झाली आणि कागद वडिलांकडे! ४ जानेवारी १७८३ च्या पत्रात लिहितो की स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) पाठवा नाहीतर सुटे पार्ट्स पाठवा, मला काहीही चालेल, प्रती तर काढाव्याच लागणारेत. वर आणखी चार जुन्या सिंफनी मागितल्या ते वेगळंच. फेब्रुवारीत बाड हातात आलं तेव्हा म्हणतो, मला यातला एकही सूर आठवत नव्हता 😄

आलं होतं ते मूळ हस्तलिखित, म्हणून पानाच्या वर-खाली ज्या ओळी कोऱ्या होत्या तिथेच त्याने फ्लूट आणि क्लॅरिनेट भरले, तेही फक्त पहिल्या आणि शेवटच्या मूव्हमेंटला. २३ मार्चला सम्राट योसेफसमोर वाजली ती अशी.

तिसरी_घंटा: ते सगळं ठीक, पण आजच्या छापील सेटमध्ये फ्लूट-क्लॅरिनेट असतातच. त्यांनी हरवलेत आणि बिल मोत्झार्टच्या नावावर फाडतायत. आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या वेबसाइटवर जुन्या आवृत्तीचे पार्ट्स फुकट मिळतील, फक्त बार नंबर (मात्रांच्या गटांचे क्रमांक) आणि रिहर्सलची अक्षरं (तालमीत कुठून सुरू करायचं त्या खुणा) तुमच्या सेटशी जुळवून घ्या, नाहीतर तालमीत अर्धे एकीकडे अर्धे दुसरीकडे.

नुसता_श्रोता: हाच माणूस त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर लिंझला गेला तर जवळ एकही सिंफनी नाही, ४ नोव्हेंबरला कॉन्सर्ट, मग काय, बसून नवीच लिहिली. आपल्याला ती सोय नाही 😂 पुढे मे १७८४ मध्ये ती सिंफनी आणि चार कॉन्चेर्तो (एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासह वाजवायच्या रचना) वडिलांना पाठवले तेव्हा बजावलंय, कॉन्चेर्तोच्या नकला घरातच बसवून करून घ्या, साल्झबर्गचे नकलाकार व्हिएन्नातल्यांइतकेच बेभरवशाचे. एकाने हायडन या संगीतकाराच्या रचनांच्या नकला गुपचूप दोन-दोन काढल्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

व्हायोलाची_वही: भारी! डाउनलोड केले, दोघींना व्हॉट्सॅपवर टाकलेत. मधल्या दोन मूव्हमेंट त्यांनी गप्प बसायचंय हे मात्र अजून सांगितलेलं नाही.