मन्चॅक विसरलात!
‘मोठा खेळाडू सहाय्यक प्रशिक्षक होतो म्हणजे हेड कोचची खुर्ची मिळाली नाही म्हणून’, असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. अमेरिकन फुटबॉलमधला माइक मन्चॅक घ्या. ह्यूस्टन ऑयलर्स संघाकडून १२ हंगाम गार्ड, म्हणजे पुढच्या फळीत प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा, म्हणून खेळला, २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. टेनेसी टायटन्सचा हेड कोचही होता, २०११ ते २०१३. ती नोकरी गेली. पण त्याचं खरं काम मला दिसतं ते त्यानंतरचं, पिट्सबर्ग स्टीलर्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीचा, सहाय्यक कोच म्हणून.

तिथे त्याच्या हाती आला अलेहांद्रो व्हिलानुएव्हा. पावणेसात फूट उंच, अमेरिकी लष्करातला रेंजर (खास तुकडीतला सैनिक), अफगाणिस्तानात तीनदा जाऊन आलेला. ईगल्स संघानं त्याला डिफेन्समध्ये, म्हणजे बचावफळीत, आजमावून सोडून दिला होता. कॉलेजात तर गडी चेंडू झेलायलाही खेळलेला! असा माणूस पंचविशी ओलांडल्यावर लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या न दिसणाऱ्या बाजूचा राखणदार, झाला आणि २०१७, २०१८ असा दोनदा प्रो बोल या निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

त्या काळातली एखादी मॅच मिळाली तर चेंडू सोडून फक्त त्याचे पाय बघा. समोरचा अंगावर येतोय आणि हा बारीक पावलं टाकत मागे सरकतोय, ढुंगण खाली, हात छातीजवळ, धक्का द्यायची घाई नाही. मला तरी हे बघायची सवय लागायला दोन हंगाम गेले, तोवर मी आपला चेंडूमागेच.